सरळ रेषेचा मास्तर

गुन्हा कबूल करायचा असेल तर प्रस्तावना लांबवू नये, म्हणून सांगून टाकतो. आमच्या शेतातलं डिझेल इंजिन मी वर्तमानपत्र वाचता वाचता मारलं. त्यातही अग्रलेख वाचत होतो. सिनेमाच्या पानावर असतो तर निदान मजेत असताना घडलं असं तरी म्हणता आलं असतं.

उमरीच्या शिवारात आमचं साडेतीन एकर रान आहे. विहिरीवर विजेची मोटार आहे, पण शेतीची वीज जावयासारखी येते. रात्री-अपरात्री, आणि आली म्हणून लगेच आनंद दाखवावा लागतो. म्हणून अण्णांच्या काळचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन अजून झिजत होतं. अण्णा गेले तेव्हा भावाला घर मिळालं, मला रान आणि इंजिन. मी शाळेत गणित शिकवतो. भूमिती हा माझा खास विषय. त्यामुळे यंत्र आपल्याला कळतं, असा एक समज मी कुणी न विचारता करून घेतला होता.

मे महिना, उन्हाळी भुईमूग, शाळेला सुट्टी. इंजिन सुरू करून मी लिंबाखाली बाज टाकली. अशा इंजिनाला गार ठेवायची रीत साधी असते. पंपाच्या डिलिव्हरीवरून एक बारीक नळी ब्लॉकमध्ये जाते, पाणी सिलिंडरभोवती फिरतं, हेडमधून वर चढतं आणि दुसऱ्या नळीने बाहेर पडतं. ते बाहेर पडणारं पाणी नेमकं माझ्या बाजेखाली येत होतं. चपला चिखलात, पेपरवर शिंतोडे. मी उठलो, नळीचा कॉक बंद केला आणि पुन्हा आडवा झालो. कॉक बंद केल्यावर चिखल थांबला, हे माझं निरीक्षण अगदी अचूक होतं.

अर्ध्या तासाने सालगडी वैरणीचा भारा टाकून धावत आला. "मालक, इंजिन शिट्ट्या मारलालंय!"

शिट्टी वाफेची होती. तोवर इंजिन घरघरून गप्प झालं आणि त्याच्या हेडवर रंगाचे पापुद्रे उठले. आता इथपर्यंतची चूक पोटात घालण्यासारखी होती. तसंच सावलीत निवू दिलं असतं तर कदाचित नुसत्या गॅसकेटवर भागलं असतं. पण घाबरलेल्या माणसाला काही तरी करायचं असतं. मी विहिरीच्या गार पाण्याच्या दोन घागरी त्या तापलेल्या हेडवर ओतल्या. तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यावर येतो तसा आवाज आला, पण तवा आमच्या घरातल्या सगळ्या तव्यांपेक्षा महाग होता.

हे का करू नये ते सांगतो. माझ्या नावावर एवढं तरी ज्ञान जमा असू द्या. इंजिनाचं हेड आणि ब्लॉक बिडाचे असतात. बीड म्हणजे इथे मराठवाड्यातला जिल्हा नव्हे, ओतीव लोखंड. बिडाचा मीटरभर तुकडा शंभर अंशांनी तापवला तर साधारण मिलिमीटरभर वाढतो. सगळीकडून सारखा तापला, सारखा निवला, तर मुकाट्याने मूळ जागी येतो. एका अंगाने निववला की ते अंग आखडतं, दुसरं फुगलेलंच असतं, आणि मधल्या ओढाताणीत सपाट तोंड वाकडं होतं. हेड आणि ब्लॉकच्या मध्ये बसणारी गॅसकेट केसाएवढी फट भरून काढते. त्यापुढे तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

मी ठेवली. बाजारातून नवी गॅसकेट आणली. दुकानदाराने विचारलं, "सर, हेड चेक केलं का?" मी "हो" म्हणालो. गृहपाठ झाला का विचारल्यावर आमची पोरं ज्या आवाजात "हो" म्हणतात, त्याच आवाजात. जुन्या गॅसकेटचे चिकटलेले तुकडे नखाने काढले, नवी बसवली, नट आवळले. सालगड्याने हँडल मारलं. इंजिन सुरू झालं, पांढरा धूर आला आणि पाण्याच्या नळीतून बुडबुडे निघायला लागले.

"मालक, इंजिन गुळण्या करलालंय."

ऑईलची पट्टी काढून पाहिली. ऑईलची बासुंदी झाली होती.

किर्लोस्करांच्या नांगराची गोष्ट अण्णा नेहमी सांगायचे. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा शेतकरी घेईनात, कारण लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती. तरीही १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढे महाराष्ट्रातल्या विहिरी-विहिरींवर पंप आणि इंजिनं वाजायला लागली. अण्णा शेवटी माझ्याकडे बघून म्हणायचे, "लोखंडानं जमीन नासत नाही. शेतकऱ्याचा पोरगा मास्तर झाला की लोखंड नासतं."

अशा वेळी लातूरहून माझे साडू आले. लातूरचा माणूस म्हटला की त्याच्याकडे पॅटर्न असतोच. त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. कुणी तरी गोरा मेकॅनिक ब्लॉकवर पोलादी पट्टी उभी धरून खालच्या फटीत पातळ पातळ पत्र्या सारत होता. त्या पत्र्यांच्या जुडीला फिलर गेज म्हणतात. प्रत्येक पत्रीवर जाडी लिहिलेली असते आणि जी पत्री जेमतेम जाईल तेवढं वाकडेपण.

"साडूभाऊ, आपल्याकडं सरळ पट्टी हाय का?"

"गणिताच्या मास्तरला विचारलालाव?"

फळ्यावर रेषा मारायची सागवानी पट्टी मी दर सुट्टीत घरी आणतो. शाळेत ठेवली तर जूनमध्ये तिची क्रिकेटची बॅट झालेली असते. बावीस वर्षं ती माझ्या हातात आहे. काही पोरांच्या पाठीचीही तिला ओळख आहे, पण तो काळ वेगळा होता. फिलर गेज नव्हतं, तेव्हा आम्ही वहीचा कागद घेतला. साधा कागद मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा जाड असतो. लग्नसराई असल्याने पत्रिका तर घरात ढिगाने होत्या.

ब्लॉक क्रँककेसवरून उतरवून ओसरीत आणला. पट्टी ठेवली. दोन्ही टोकं टेकली, मध्ये फट. वहीचा कागद सहज गेला. दुहेरी करून सारला, गेला. पत्रिका अडकत अडकत गेली. आम्ही एकमेकांकडे गंभीरपणे पाहिलं. मग हेडवर पट्टी ठेवली. तिथेही मध्ये फट, तिथेही पत्रिका अडकत अडकतच.

"दोन्ही सारखेच वाकले," साडू म्हणाले. "संगंच तापले ना."

"सममिती," मी म्हणालो. हा शब्द वापरायची संधी मला सहसा सोडवत नाही.

त्या संध्याकाळी आम्हाला मोजायचा नादच लागला. पाटा मोजला, मध्ये खोल. उंबरा मोजला, मध्ये खोल. झोपाळ्याची फळी, देवघराची फरशी, नवीन कपाटाचं दार, सगळं मध्ये खोल. कपाटवाल्याला फोन करून मी दोन शब्द सुनावलेसुद्धा. बायको पोळ्या लाटत ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, सगळंच वाकडं निघायलंय तर एकदा त्या पट्टीकडं बघा की."

आम्ही दोघे हसलो. साडू म्हणाले, "ताई, सरळ रेषा हा दाजींचा विषय हाय." पोळपाट मोजायचा राहिला होता, तो तिने दिला नाही.

मग दुरुस्ती. मध्ये खोल आहे, म्हणजे कडा उंच आहेत, म्हणजे कडा घासायच्या. सिद्धता दोन ओळींची. स्टड आडवे येत होते म्हणून चारही काढले. त्यातल्या एकाने ब्लॉकमधले थोडे आटेही सोबत घेतले, पण तो प्रसंग मी इथे वाढवत नाही. साडूंनी चपटी कानस आणली आणि आम्ही तीन दिवस पाळीपाळीने ब्लॉक घासला. हाताला फोड आले. ओसरीत लोखंडाचा भुसा पडला, तो पायांना लागून घरभर गेला आणि भाकरीतही सापडला, असं बायकोचं म्हणणं आहे. मला चवीत फरक कळला नाही.

तिसऱ्या रात्री पट्टी ठेवून पलीकडून बॅटरी धरली. प्रकाशाची एक रेघही आली नाही. पट्टी ब्लॉकवर अशी बसली की जणू एकाच लाकडातून कापलेत. साडूंनी माझी पाठ थोपटली. मी त्यांची थोपटली. हेड आम्ही अंगणातल्या शहाबादी फरशीवर पॉलिश पेपर पसरून घासलं. शहाबादी फरशी किती सपाट असते ते पावसाळ्यात तिच्यावर साचलेली डबकी मोजली की कळतं, पण तेव्हा उन्हाळा होता.

दुसरी गॅसकेट एका मिनिटातच गेली. हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला कडेतून फुस्स, फुस्स असा आवाज यायचा. सालगडी तोंड फिरवून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. साडूंना लातूरला तातडीचं काम निघालं.

शेवटी नांदेडला जायचं ठरलं. ब्लॉक पोत्यात घातला, हेड पिशवीत, आणि पट्टी बगलेत; ती पुरावा म्हणून. ब्लॉकचं वजन एका माणसाने उचलण्याजोगं आहे, फक्त तो माणूस मी नव्हे. उमरी स्टेशनात ते पोतं ओढताना मला १९४८ सालची आठवण झाली. म्हणजे मी तेव्हा नव्हतो, पण उमरीत वाढलेल्या माणसाला ती असतेच. ३० जानेवारी १९४८ ला मुक्तिसंग्रामातल्या माणसांनी निजामी राजवटीतली इथली बँक लुटली आणि लाखो रुपये लढ्यासाठी नेले. नेमक्या त्याच दिवशी तिकडे दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. त्या लोकांनी बंदुकींच्या धाकात केवढं ओझं वाहून नेलं असेल! मला कुणी अडवतही नव्हतं, तरी जिना चढेपर्यंत तीनदा बसावं लागलं.

डब्यात समोरच्या आजीबाईंनी पोत्याकडे पाहून विचारलं, "देव हाय का, बाबा?"

मी दमलो होतो, नीट उत्तर न देता मान हलवली. ती कोणत्या बाजूने हलली ते मला आठवत नाही. मुदखेडला उतरताना आजीबाईंनी पोत्याला हात लावून नमस्कार केला आणि त्याच्यावर दोन रुपयांचं नाणं ठेवलं. इंजिनाच्या खर्चात बाहेरून मिळालेली मदत तेवढीच.

वर्कशॉपमध्ये सगळे ज्यांना वस्ताद म्हणतात ते दाढीवाले गृहस्थ स्टुलावर बसून चहा पीत होते. त्यांनी ब्लॉककडे पाहिलं आणि चहा खाली ठेवला.

"इसकू किने घिसा जी?"

मी म्हणालो, "झिजला असेल." वस्तादांनी माझ्या तळहातावरच्या फोडांकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

मग त्यांनी जे केलं ते मी भक्तिभावाने पाहिलं. आधी डिझेलच्या फडक्याने तोंड पुसलं. स्टडच्या भोकांभोवती बारीक तेलदगड फिरवला, कारण नट आवळून आवळून भोकाच्या कडा वर ओढल्या जातात आणि पट्टी त्यांच्यावरच टेकून खोटं सांगते. मग तेलकट कापडात बाळासारखी गुंडाळलेली पोलादी पट्टी निघाली. लांबीत दोनदा, रुंदीत दोनदा, मग या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, आणि उलटी तिरपी. प्रत्येक वेळी फिलर गेजची पत्री. आम्ही ओसरीत एकदाच, एकाच दिशेने ठेवली होती.

वर्कशॉपचं माप थाऊचं असतं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माणसाचा केस दोन ते चार थाऊ भरतो. अशा लहान इंजिनाला वस्ताद दोन थाऊपर्यंत सोडतात, त्यापुढे मशीन दाखवतात. हेड चार थाऊ निघालं, ते माझ्या दोन घागरींचं. ब्लॉकच्या कडा बारा थाऊ खाली गेल्या होत्या. मध्ये मात्र कारखान्यातल्या मूळ मशीनचे बारीक ओरखडे अजून जसेच्या तसे होते, आणि तेवढा पट्टा सुतासारखा सरळ होता.

वस्तादांनी मधोमध बोट टेकवलं. "बीच में कंपनी का माल हय." मग कडेवर टेकवलं. "किनारे पे तुमारा."

ब्लॉक वाकलेलाच नव्हता. मी बगलेतली पट्टी पुढे केली. इथे प्रकाश गेला नव्हता साहेब, मी म्हणालो, स्वतः बॅटरी धरून पाहिलंय. वस्तादांनी पट्टी घेतली. काळ्या मार्किंग टेबलावर तिच्या कडेने खडूची रेषा मारली. मग पट्टी पलटली, म्हणजे तीच कडा दुसऱ्या बाजूने, त्याच दोन टोकांना लावली, आणि दुसरी रेषा मारली. रेषा टोकांना मिळाल्या होत्या. मध्ये मात्र एकमेकींपासून लांब गेल्या होत्या.

"मास्तर, ये तो मछली बन गई."

टेबलावर खरोखरच एक सडपातळ मासा पडला होता. दोन बिंदूंतून एक आणि एकच सरळ रेषा जाते, हे मी बावीस वर्षं ज्या पट्टीने शिकवलं, तिने डोळ्यांदेखत दोन बिंदूंतून दोन रेषा काढून दाखवल्या.

जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिराने १८४० साली ग्लासगोच्या एका सभेत खरा सपाट पृष्ठभाग कसा करावा यावर निबंध वाचला होता, तो मला नंतर वाचायला मिळाला. दोन पत्रे एकमेकांवर घासून जुळवले तर ते सपाट होतीलच असं नाही. एक फुगीर आणि दुसरा खोलगट होऊनही ते एकमेकांत मस्त बसतात. म्हणून तिसरा पत्रा लागतो. पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा पहिल्याशी असे तिघेही जुळले तरच सपाट. वाचताना मला आमची ओसरी दिसली. पट्टी आणि ब्लॉक तर जुळलेच होते, पण त्याहून घट्ट मी आणि साडू जुळलो होतो. तिसरा पत्रा आत पोळ्या लाटत होता.

पुढचं काम वस्तादांचं, त्यामुळे ते नीट झालं. ब्लॉक आणि हेड सरफेस ग्राइंडरवर चढले, गेलेल्या आट्यांत नवी बुश बसली. ब्लॉकचं तोंड तेरा थाऊ खाली आलं. म्हणजे पिस्टन आता हेडच्या तेवढाच जवळ जाणार. मी "चांगलं, दाब वाढेल" म्हणालो, तेव्हा वस्तादांनी मला स्टुलावर बसायला सांगितलं. पिस्टन हेडला जाऊन भेटला तर पुढच्या वेळी पोत्यात फक्त तुकडे आणायचे. म्हणून ब्लॉकच्या बुडाशी, क्रँककेसच्या सांध्यात, तेवढीच जास्त पॅकिंग. ती बरोबर बसली का हे तपासायला पिस्टनच्या डोक्यावर शिशाच्या तारेचा तुकडा ठेवायचा, हेड आवळायचं, इंजिन हाताने एक फेरा फिरवायचं आणि चपटलेली तार मोजायची. तारेची जाडी तीच उरलेली जागा. इतकी साधी, खोटं न बोलणारी गोष्ट मी आयुष्यात फार कमी पाहिली आहे. बिलाचा आकडा घरी अजून सांगितलेला नाही. आजीबाईंचे दोन रुपये त्यातून वजा केले आहेत.

परतीच्या गाडीत मला मागच्या बाकावरचा एक पोरगा आठवला. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. समांतर रेषा चालल्या होत्या. तो उठून म्हणाला होता, "सर, तुमची रेष पोटात वाकडी हाय." वर्ग हसला आणि मी त्याला तास संपेपर्यंत अंगठे धरून उभं केलं. तो सध्या कुठे असतो माहीत नाही. भेटला तर अंगठे धरायची माझी तयारी आहे, फक्त कंबर उरलेली नाही.

वस्तादांनी आवळायची रीत कागदावर लिहून दिली होती. भोकं कोरडी आणि स्वच्छ, कारण तळाशी तेल साचलं तर स्टड आवळताना ते ब्लॉक फोडू शकतं. नट समोरासमोरचे, फुलीच्या रीतीने, तीन फेऱ्यांत थोडे थोडे. इंजिन एकदा तापून निवलं की पुन्हा एक फेरा. मी वाचत गेलो आणि सालगडी आवळत गेला. पाना माझ्या हातात द्यायला त्याने नम्रपणे नकार दिला.

तिसरी गॅसकेट बसली. हँडल मारलं. दोन ठोके चुकले आणि मग अण्णांच्या वेळी वाजायचं तसं इंजिन वाजायला लागलं. धूर नाही, गुळण्या नाहीत. बायको डबा घेऊन आली होती. तिने आधी कॉक उघडा आहे का पाहिला, मग बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली बोट धरून ते कोमट असल्याची खात्री केली, मग बाजेवरचं वर्तमानपत्र उचलून त्यात भाकरी गुंडाळल्या.

पट्टीची दुसरी कडा वस्तादांनी तपासून दिली होती. ती सरळ निघाली. वाकड्या कडेवर मी निळ्या शाईने ठळक फुली मारली. आकडे नेमके त्याच कडेवर आहेत, म्हणून ही सगळी वर्षं मी तीच धरत आलो.

रात्री साडूंना फोन करून सगळं सांगितलं. मासाही सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मला तवाच शंका आल्ती," ते म्हणाले. "बरं, साडूभाऊ, रविवारी लातूरला या. माझ्या मोटारसायकलचं हेड उघडून ठेवलंय. येताना तेवढी पट्टी आणा."